शंभर टक्के हिट रेशो

८ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. पुढे कोणी विचारलं, की पेलिकन फ्लॅट्स कर्लिंग क्लबची साइट एवढी वेगवान झाली कशी, तर तारीखवार सांगता यावं. अजून कोणी विचारलेलं नाही. विचारतील.

सद्यस्थिती: सामन्यांच्या वेळापत्रकाचं पान उघडायला चौदा सेकंद लागतात. काल घड्याळ लावून मोजलं. काही लोक वीस म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

९ ऑक्टोबर, मंगळवार
हंगाम सुरू झाला. मी काचेच्या अलीकडे, कॉफीच्या टेबलावर. बेचाळीस वर्षं काचेच्या पलीकडे होतो, बर्फावर, दगड सरकवून दूरच्या वर्तुळाच्या मध्यावर नेण्याच्या या खेळात. गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, दगड सरकवायला खाली बसायचं नाही, ब्रशने बर्फ घासत त्याच्यापुढे धावायचं तर मुळीच नाही. आमच्या टीमचा कप्तान वेस. त्याने माझ्या जागी ट्रेसी फेरला घेतलं. ती शाळेची बस चालवते, वय चव्वेचाळीस, गुडघे स्वतःचे. घेण्याआधी वेसने रीतसर फोन करून विचारलं. मी म्हटलं, छे छे, घे की. एवढ्या पटकन घेईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा आता क्लबात माझं काम एकच, साइट. वेळापत्रक, निकाल, गुणतक्ता, बदली खेळाडूंची यादी, स्वयंपाकघरातल्या पाळ्या, सगळं त्यावर असतं. अकरा वर्षांपूर्वी टेलिफोन कंपनीत असताना मी ती एकट्याने लिहिली, जेवणाच्या सुट्टीत.

क्लबचा अध्यक्ष अर्नी थॉर्स्टिनसन कॉफी घेऊन शेजारी बसला. हवापाण्याचं बोलून झालं, त्याच्या ट्रकच्या टायरचं झालं. मग कपात बघत म्हणाला, मार्चमधल्या वार्षिक सभेत साइट ठेवायची की काढायची ते ठरवू या, असं काही जण म्हणतायत. कोण काही जण, विचारलं. म्हणाला, असेच, काही जण.

साइट गेली तर मी क्लबात कोण? ग्वेनचा नवरा. ग्वेन गुरुवारच्या टीममध्ये खेळते. तिला घ्यायला गाडी घेऊन येणारा माणूस.

संकल्प: मार्चच्या आत पान एका सेकंदात उघडलं पाहिजे.

१४ ऑक्टोबर
रोगाचं मूळ सापडलं. कोणीही पान उघडलं की साइट अकरा वर्षांचे सगळे निकाल पहिल्यापासून बेरजेला घेते. ग्वेन शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, यंदाचे सामने तेवढेच मोज की, एका दिवसाचं काम आहे. मी हसलो. आता जगात कोणी बेरजा दुरुस्त करत बसत नाही. कॅशिंग करतात.

कॅशिंग म्हणजे, पान एकदा तयार झालं की त्याची प्रत बाजूला ठेवायची आणि पुढच्या प्रत्येकाला तीच प्रत द्यायची. ग्वेनला उदाहरण दिलं. क्लबच्या स्वयंपाकघरात ऑल्गा पेट्रीशिन काय प्रत्येक माणसासाठी वेगळं सूप चढवते? सकाळी एक मोठं पातेलं लावते, त्यातूनच सगळ्यांना वाढते. ग्वेन म्हणाली, हो, पण उरलं तर ऑल्गा ते संध्याकाळी ओतून देते.

मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

२१ ऑक्टोबर
कॅशिंगवर साडेतीन लेख वाचले. उद्या सुरुवात.

२२ ऑक्टोबर
पहिलं बर्फ. फावडं सापडेना. उद्या.

२३ ऑक्टोबर
फावडं ट्रेसीकडे आहे म्हणे. गेल्या वर्षी मीच दिलं होतं. मागायला गेलो तर तिने माझ्या दारापुढचं बर्फही काढून दिलं. अशा वातावरणात डोक्याचं काम होत नाही.

३० ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी ३
झालं. प्रत चोवीस तास ठेवायची, असं लावलं. पान ०.३ सेकंदात. सोळा वेळा उघडून पाहिलं. ॲडमिनला, म्हणजे मला, मात्र दर वेळी ताजं पान मिळेल अशी सोय ठेवली आहे. कामाच्या माणसाला ताजं दिसलंच पाहिजे.

ग्वेनला हाक मारून बोलावलं आणि तिच्या कॉम्प्युटरवर पान उघडून दाखवलं. ती म्हणाली, काय दाखवणार होतास, हे तर उघडलेलंच आहे. म्हटलं, तेच तर.

६ नोव्हेंबर, मंगळवार
किरकोळ गैरसमज. अर्नीने आज सकाळी दोन सामन्यांच्या वेळा बदलल्या. मी लगेच साइटवर टाकल्या. तरी संध्याकाळी सातला बर्फाच्या तिसऱ्या पट्टीवर चार टीम येऊन उभ्या. दुसऱ्या गावात भांडण झालं असतं. इथे वीस मिनिटं ‘तुम्ही खेळा’, ‘छे, तुम्हीच खेळा’ चाललं आणि पट्टी रिकामीच राहिली.

मी माझ्या फोनवर साइट उघडून दाखवली, वेळ बरोबर होती. ते आपापले फोन दाखवायला लागले, त्यांवर कालची वेळ. म्हटलं, तुमचे फोन जुने झाले असतील. ट्रेसीने बाजूला घेऊन विचारलं, लॉर्न, तू ॲडमिन म्हणून आत आहेस का, तुला वेगळं दिसत असेल. म्हटलं, साइट एकच आहे, दोघांना दोन तऱ्हेची कशी दिसेल?

घरी आल्यावर आठवलं की ती सोय मीच ठेवली होती. पण तत्त्व म्हणून माझं म्हणणं बरोबरच होतं.

आता नवा नियम. वेळा बदलल्या की मी स्वतः सगळ्या प्रती पुसणार, म्हणजे नव्या तयार होतील.

१३ नोव्हेंबर, मंगळवार
आज सगळ्या क्लबला साइटवर ‘नमस्कार, ऑल्गा’ असं दिसलं.

कारण तसं सोपं आहे. ऑल्गा पहाटे उठते. सकाळी सहाला तिने लॉगिन केलं, तिचं पान तयार झालं, त्याची प्रत ठेवली गेली आणि तीच त्रेसष्ट सदस्यांना वाटली गेली. म्हणजे यंत्रणा अगदी सांगितल्याप्रमाणे चालली. गडबड एवढीच, की दिवसभरात सहा जणांनी ‘मी बदली खेळाडू म्हणून येतो’ असं बटण दाबलं आणि सहाही सामन्यांना ऑल्गाचं नाव लागलं.

ऑल्गा चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती आली. दिवंगत नवऱ्याचा ब्रश घेऊन आली, कारण यादीत नाव असेल तर यायला हवं. दोन डाव खेळली. एक दगड असा बरोबर मध्यावर नेऊन ठेवला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वेसने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि कोणीतरी तिचा कोट आणला. डिसेंबरभर रोज बटाट्याचं सारण भरून पेरोगी करायची पाळीसुद्धा तिच्याच नावावर लागली आहे. तिने पीठ मागवलंय म्हणे.

मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. म्हणजे फार काही झालेलं नसावं.

उपाय: सदस्यांचं लॉगिनच काढून टाकलं. आता सगळ्यांना ‘नमस्कार, सदस्य’. बदली खेळाडू हवा असेल तर माझ्या घरी फोन करून निरोप ठेवायचा.

१५ नोव्हेंबर
निरोप: शून्य. कोणाला बदली लागतच नाहीये. यंदा लोकांची तब्येत चांगली दिसते.

२० नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी ६.५०. अर्नीचा फोन आला, गुरुवारच्या वेळा बदलल्या. नियमाप्रमाणे सगळ्या प्रती पुसल्या.
६.५२. सातच्या सामन्यांआधी सगळे एकदम साइट उघडायला लागले. प्रत एकही नाही. प्रत्येकासाठी अकरा वर्षांची बेरीज.
६.५५. सर्व्हर आडवा. (सर्व्हर आमच्या तळघरात असतो, मांसाच्या फ्रीझरशेजारी.)
७.४०. सर्व्हर चालू. तोवर लोकांनी नाणं उडवून पट्ट्या वाटून घेतल्या होत्या.

आगीतून फुफाट्यात. धडा एकच, प्रती कधीच पुसायच्या नाहीत.

२४ नोव्हेंबर, शनिवार
अक्कल आणि अनुभव एकत्र आले की काय होतं, ते आज कळलं.

एक: प्रतीची मुदत आता हंगाम संपेपर्यंत. दोन: एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याला वॉर्मर म्हणतात. तो दर पाच मिनिटांनी साइटवरचं प्रत्येक पान स्वतः उघडतो, म्हणजे प्रती कायम तयार राहतात. आता सगळ्या गावाने एकदम साइट उघडली तरी सर्व्हर हूं की चूं करणार नाही.

निकाल टाकला की तेवढंच एक पान नवं व्हावं, असा तिसरा भाग आहे. तो लिहायचा आहे. डिसेंबरात लिहीन.

४ डिसेंबर, मंगळवार
तक्रारी शून्य. खात्री करून घ्यावी म्हणून कॉफीच्या टेबलावर एकेकाला विचारलं, साइट कशी वाटते. सगळ्यांचं एकच उत्तर, पटकन उघडते. वेस म्हणाला, इतकी पटकन कधीच उघडली नव्हती. एवढं बोलून तो ब्रश पुसायला लागला. कौतुक करायला लाजतो माणूस.

११ डिसेंबर
सर्व्हरवरचा भार मोजला. ऑक्टोबरात नव्वद टक्के होता, आज दोन टक्के. एवढी माणसं त्या साइटवर, आणि सर्व्हरला घाम नाही. हे तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

ग्वेनचा फोन जेवताना सारखा टिंग टिंग वाजतो. ट्रेसीने क्लबच्या लोकांचा काहीतरी ग्रुप काढलाय. पाककृती वगैरे असणार. मला घेतलं नाही, ते बरंच झालं. मला वेळ कुठे आहे?

१८ डिसेंबर
स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कागदावर छापलेलं वेळापत्रक लावलेलं दिसलं. अर्नीला विचारलं. तो म्हणाला, ते म्हाताऱ्या लोकांसाठी आहे रे, ऑल्गाला फोनवरचं दिसत नाही. पटलं. कागदापुढे दहा-बारा जण उभे होते. त्यातले निम्मे तिशीतले होते. ऑल्गासाठी बघत असतील.

३ जानेवारी
तिसरा भाग अजून लिहिलेला नाही. कारणं: नाताळ, ग्वेनची बहीण, फ्रीझरचा फ्यूज, एकूण प्रकाश कमी.

८ जानेवारी. उणे चौतीस
गाडी सुरू होईना. घरात बसून आकडे बघितले. कॅशिंगमध्ये सगळ्यात मोठा आकडा म्हणजे हिट रेशो. शंभर वेळा पान मागितलं गेलं, तर त्यात किती वेळा तयार प्रत देऊन भागलं. मोठमोठ्या कंपन्या नव्वदवर खूश असतात. आपला अठ्ठ्याण्णव.

ग्वेनला सांगायला वर गेलो. तिने कॉफी ओतली. मग म्हणाली, तिसरा भाग लिहिलास का. म्हटलं, अठ्ठ्याण्णव आहे ग. म्हणाली, छान, कॉफी घे.

१७ जानेवारी, गुरुवार
दर गुरुवारी अर्नी मला आठवड्याच्या निकालांच्या चिठ्ठ्या देतो आणि शुक्रवारी मी त्या साइटवर टाकतो. सकाळ जाते. या वेळी दोन चिठ्ठ्या कमी होत्या. विचारलं तर अर्नी दचकला, म्हणाला, हो हो, तुला द्यायच्या राहिल्या, आणि रद्दीच्या टोपलीतून काढून दिल्या. विसराळू होत चाललाय. वयाचा परिणाम.

२९ जानेवारी
आपल्या सदस्यांच्या शिस्तीला तोड नाही. वेळापत्रकाचं पान रोज बरोबर दोनशे एकोणनव्वद वेळा उघडलं जातं. अठ्ठ्याऐंशी नाही, नव्वद नाही. पंधरा दिवसांचे आकडे काढले, तेवढेच. पहाटे तीनलाही उघडतात. या थंडीत लोकांना झोप लागत नसेल.

५ फेब्रुवारी, मंगळवार
वेसची टीम जिंकली. शेवटचा दगड ट्रेसीचा होता, चांगला टाकला, लिहायला हरकत नाही. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला प्याला पाजायचा, ही आमच्याकडची रीत. वेसने मलाही पाजला. मी खेळलोच नव्हतो, हे त्याच्या लक्षात नसावं.

सगळे पुढच्या मंगळवारच्या सामन्याबद्दल बोलत होते. म्हटलं, तो नऊला आहे, साइटवर बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीच फोन काढला नाही. पाठच असणार.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या गावाच्या क्लबातून एका बाईंचा फोन. म्हणाल्या, तुमच्या साइटवर अजून नाताळच्या जेवणाची नावं घेताय. म्हटलं, आमचे लोक पुढच्या नाताळची तयारी लवकर करतात. त्या म्हणाल्या, तारीखसुद्धा नोव्हेंबरची आहे. लगेच माझ्या स्क्रीनवर बघितलं, १९ फेब्रुवारी. तसं सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

४ मार्च
हिट रेशो १००.

पुन्हा मोजलं. १००.

फेब्रुवारीचा सगळा महिना, एकही चूक नाही. आता कोणते काही जण साइट काढायची म्हणतात ते बघतोच. भाषणाची तयारी सुरू. सत्तावीस आलेख काढले आहेत.

तिसरा भाग लिहायची आता गरज वाटत नाही. शंभराच्या पुढे कुठे जाणार?

२३ मार्च, शनिवार. वार्षिक सभा
प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलं होतं. जेवणं झाल्यावर माझं भाषण, चाळीस मिनिटं. चौदा सेकंदांवरून ०.३ वर. भार दोन टक्के. रोज दोनशे एकोणनव्वद. हिट रेशो शंभर. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग अर्नी उभा राहिला, म्हणाला, साइट चालू ठेवावी असं ज्यांना वाटतं, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हात वर. सगळ्यात आधी वेसचा. त्याच्या शेजारी ट्रेसीचा.

डोळ्यांत पाणी आलं. इथे लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. गुडघा गेल्यापासून मला वाटत होतं, या इमारतीत आता आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही.

तोच दिवस, घरी आल्यावर
निघण्याआधी प्लेटा उचलायला मदत करावी म्हणून क्लबच्या स्वयंपाकघरात गेलो. कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पाळ्यांचा तक्ता चिकटवलेला होता, ट्रेसीच्या अक्षरात. कॉफी. भांडी. केर. बर्फाला पाणी. आणि सगळ्यात खाली, ‘लॉर्नची साइट, रोज एकदा’.

डिसेंबरचा पहिला आठवडा, वेस. दुसरा, अर्नी. तिसरा, ऑल्गा. चौथ्यापासून ग्वेन. मग ग्वेन. जानेवारीभर ग्वेन, फेब्रुवारीभर ग्वेन, कालपर्यंत ग्वेन.

प्लेटा ठेवल्या. दार लावलं.

२४ मार्च, रविवार
सकाळी ग्वेनला विचारलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, लोकांनी सुरुवातीला उघडली रे, पण मग विसरायला लागले. तुझा आकडा खाली गेला असता. म्हणून मी म्हटलं, माझंच नाव लिहा.

म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा तो वॉर्मर, दर पाच मिनिटांनी, दिवसरात्र. आणि दोनशे एकोणनव्वदावी ग्वेन. बाकी त्रेसष्टच्या त्रेसष्ट माणसं डिसेंबरातच उठून ट्रेसीच्या ग्रुपवर गेली होती. वेळापत्रक तिथे, निकाल तिथे, बदली खेळाडू तिथे. भार कमी झाला होता, कारण कोणी येतच नव्हतं.

मला कोणी सांगितलं का नाही, म्हणून मी चिडलो. जरा मोठ्यानेच बोललो. तिने सुरी खाली ठेवली.

“लॉर्न, चालत्या दगडाला ब्रश लागला तर कोण सांगतं?”

“ज्याचा लागला तो.”

“आणि दुसऱ्या कोणी बघितलं असेल तर?”

उत्तर मला माहीत होतं. आमच्या खेळात क्लबच्या सामन्यांना पंच नसतो. ब्रशचा चुकून स्पर्श झाला तर ज्याचा झाला त्याने हात वर करून सांगायचं आणि दगड बाजूला काढायचा. दुसऱ्याने बघितलं तरी बोलायचं नाही. छताकडे बघायचं. त्याला आपणहून सांगायची संधी द्यायची, हाच त्याचा मान. बेचाळीस वर्षांत मी चार वेळा हात वर केलाय. एकदा अंतिम सामन्यात केला आणि त्यापायी आम्ही हरलो.

“मग सगळे छताकडे बघतायत,” ग्वेन म्हणाली. “नोव्हेंबरपासून.”

मग तिने तिचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. नमस्कार, सदस्य. २४ नोव्हेंबर. नाताळच्या जेवणासाठी नावं द्या. हिवाळाभर दर शुक्रवारी मी टाकलेला एकही निकाल त्यात नव्हता.

लाज वाटली. एवढी लाज गेल्या कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

२५ मार्च
विचार केला. सांगायचं. उद्या अर्नीकडे जाऊन हात वर करायचा.

तो काय म्हणेल, तेही दिसतंय. म्हणेल, अरे लॉर्न, सोड, चूक कोणाची होत नाही, तुझ्यासारखा माणूस क्लबला मिळायचा नाही. मी म्हणेन, नाही, मला काढा. तो म्हणेल, वेडा आहेस का, ठराव झालाय. मग मी उन्हाळ्यात तिसरा भाग लिहीन. बेरीजसुद्धा दुरुस्त करीन, ग्वेन म्हणते तशी. ऑक्टोबरात सगळे परत येतील. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. चांगलं होतंय.

२६ मार्च, मंगळवार
गेलो. अर्नी एकटाच होता, हंगाम संपला म्हणून बर्फ काढत होता. पट्ट्यांवर पाणी साचलेलं, मी कडेने चालत गेलो. म्हटलं, अर्नी, साइट नोव्हेंबरातच गोठली. चूक माझी. सांगायला उशीर झाला.

त्याने फावडं भिंतीला टेकवलं, हातमोजा काढला आणि सामना संपल्यावर करतात तसं हस्तांदोलन केलं. म्हणाला, “आभारी आहे, लॉर्न. मनापासून.” त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो.

“मग आता काढून टाकू या ना ती?” तो म्हणाला. “सभेत कसं बोलणार होतो, तू समोर बसलेला.”

मी म्हटलं, छे छे, काढ की.

मग मीच विचारलं, पुढच्या हंगामात क्लबात काही काम असेल का माझ्यासाठी. अर्नीने खरोखर विचार केला. तो भला माणूस आहे, उगाच काही बोलत नाही. भांडी ऑल्गाची सून करते, कॉफीचं नवं यंत्र येतंय, बर्फाला पाणी मारायला गुडघा लागतो. मग त्याचा चेहरा उजळला.

“तू येत जा रे,” तो म्हणाला. “ग्वेनला घ्यायला येतोसच की.”

२७ मार्च, बुधवार
सकाळी तळघरात जाऊन सर्व्हर बंद केला. आधी वॉर्मर, मग साइट. दोन मिनिटांचं काम निघालं. आता खाली फक्त फ्रीझरचा आवाज आहे.

वर आलो तर नऊ वाजून गेले होते. ग्वेन कॉम्प्युटरसमोर बसली होती, पान येत नाहीये असं दिसत होतं. मला बघून तिने झाकण मिटवलं. कॉफी दिली. मी विचारलं, तीन महिने रोज उघडायचीस, तर वाचायचीस तरी काय?

म्हणाली, वाचायचं काय, तेच नोव्हेंबरचं पान. पाठ झालं होतं. मग म्हणाली, पण उघडायचं मात्र पटकन.